परत येणारा प्रोटॉन

आज टेबलावरचा पिवळा हायलायटर हातात घ्या. अशा बऱ्याच पेनांच्या शाईत पायरानिन नावाचा रंग असतो. एरवी हे मवाळ आम्ल. पण अतिनील प्रकाश पडला की याची आम्लता सुमारे दहा लाख पट वाढते, आणि पाण्यात साधारण १०० पिकोसेकंदांत ते आपला प्रोटॉन सोडून देतं. प्रोटॉन असलेला रेणू निळा चमकतो, सोडलेला हिरवा.

उत्तेजित रेणूंची ही खोड जर्मनीत थिओडोर फॉर्स्टर यांनी १९४९ मध्ये ओळखली. पुढे आल्बर्ट वेलर यांनी हिशोब मांडला: प्रोटॉन सुटण्याचा एक दर, परत येण्याचा एक दर. या हिशोबात निळा प्रकाश शेवटी ठरावीक वेळेत अर्धा, तेवढ्याच वेळेत पुन्हा अर्धा, असा विझायला हवा.

घोळ इथेच आहे. सुटलेला प्रोटॉन लगेच गावभर फिरत नाही, दाराशीच घुटमळतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉडेलमध्ये स्टेट ठेवली, लोकेशन ठेवलंच नाही.

खरं तर लोकेशनचं गणित जुनं होतं. पोलिश शास्त्रज्ञ मारियन स्मोलुकोव्स्की यांनी द्रवात तरंगणारे कण भटकत एकमेकांना कसे चिकटतात ते मांडलं. तो लेख १९१७ चा, आणि त्याच वर्षी ४५ व्या वर्षी ते आमांशाने गेले. १९४२ मध्ये डिबाय यांनी त्यात विद्युतभारांची ओढ घातली. पण दोन्हींकडे एक गृहीतक होतं: भेटले की संपलं.

१९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाइन्स, हुपर्ट आणि ॲग्मॉन यांनी नेमकी तीच अट बदलली. भेटला तर चिकटेल, चिकटला तरी पुन्हा सुटेल. समीकरण त्यांनी कॉम्प्युटरवर सोडवलं. उत्तर भारी आलं! रेणूचं स्वतःचं आयुष्य वजा केलं तर वेळ चौपट झाली की निळा उजेड आठवा हिस्सा उरतो. अर्धा-अर्धा नाहीच, एक लांबलचक शेपटी. आणि मोजमापात ती तशीच दिसली.

बीटेकला मी आलेखांच्या अशा शेपट्या 'नॉइज' म्हणून बिनधास्त कापायचो, हे इथेच कबूल करतो.

प्रोटॉन गेल्यावर पायरानिनवर चार ऋण भार उरतात, म्हणून ओढ एवढी. पाण्यात मीठ टाकलं की ती ओढ झाकली जाते आणि शेपटीही बारीक होते.