पंधरा यार्डांच्या आत

पारंपरिक धनुष्याने हरणाची शिकार शिकायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो धनुष्याबद्दल. लाँगबो घ्यावे की रिकर्व्ह? किती पौंड ओढीचे? प्रश्न साहजिक आहे, पण क्रम उलटा आहे. आधी ठरवायचे असते ते अंतर. धनुष्य, बाण, पाते, सराव, बसण्याची जागा या सगळ्या गोष्टी त्या एका आकड्यातून निघतात आणि नवशिक्याच्या बाबतीत तो आकडा पंधरा यार्ड, म्हणजे साधारण चौदा मीटर, धरावा असे माझे मत आहे. ते का, हे हिशेबाने दाखवता येते.

विवेचन अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणापुरते आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, मग हत्यार कोणतेही असो. अमेरिकेतली परिस्थिती निराळी. बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे १९०० च्या सुमारास तिथे ही हरणे जेमतेम तीन ते पाच लाख उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. हंगाम, परवाने आणि टॅग यांची जी व्यवस्था उभी राहिली तिचा यात मोठा वाटा आहे, आणि तिचा बराचसा खर्च शिकारीच देतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आणि पुढे तो धनुष्यबाणांनाही लागू झाला. आपले चितळही तिथे पोचले आहे. टेक्सासमध्ये ते १९३२ मध्ये आणले गेले आणि आता मोकाट वाढले आहे. वाघाच्या शेजारात घडलेला हा प्राणी धनुष्याच्या दोरीचा आवाज ऐकताच ज्या चपळाईने खाली बसतो, ती पाहता नवशिक्याने त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

आधुनिक अमेरिकी धनुर्शिकारीची परंपरा फार जुनी नाही. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, लोकांसमोर आला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडूनच धनुष्य बनवायला आणि हरणाच्या जवळ जायला शिकले. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला, आणि पोप यांचे धनुष्याने शिकार करण्यावरचे पुस्तक १९२३ मध्ये आले. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये धनुष्याने हरीण मारण्याचा वेगळा हंगाम सुरू केला. मग १९६९ मध्ये चाकांच्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मंजूर झाले आणि अंतराचे गणितच बदलले. पूर्ण ओढलेले कंपाउंड बराच वेळ धरून ठेवता येते, कारण शेवटी हातावरचा भार एकदम उतरतो. पारंपरिक धनुष्यात उलट घडते. जितके ओढाल तितका भार वाढतो आणि तो सगळ्यात जास्त असतो नेमक्या नेम धरण्याच्या क्षणी.

आता ताकदीचा हिशेब. पन्नास पौंडांच्या चांगल्या लाँगबोमधून सुटलेला ५०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमचा बाण सेकंदाला १७० फूट, म्हणजे ५२ मीटर वेगाने जातो असे धरू. त्याची गतिज ऊर्जा भरते सुमारे ४३ ज्यूल. खारी-ससे मारायच्या .२२ रायफलच्या चिमुकल्या गोळीत याच्या चौपट ऊर्जा असते, आणि ती गोळी हरणासाठी बहुतेक राज्यांत बेकायदा आहे. मग बाण कसा चालतो? तो धक्क्याने मारत नाही, कापतो. त्याचा संवेग त्या गोळीच्या पावणेदोन पटींच्या आसपास असल्याने तो शरीरात शिरून पलीकडे जाऊ शकतो, आणि त्याच्या पात्याने फुप्फुसांतल्या किंवा हृदयाजवळच्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या तर हरीण काही सेकंदांत कोसळते. त्या कापल्या गेल्या नाहीत, तर बाणाकडे दुसरे काही देण्यासारखे नाही. हरणासाठीच्या रायफलची गोळी थोडी चुकली तरी हाड फोडून प्राण्याला जागीच लोळवू शकते. बाण थोडा चुकला तर जखमी हरीण रानात निघून जाते. या शिकारीची नैतिक बाजू या एका वस्तुस्थितीत आहे.

दुसरा हिशेब आवाजाचा, आणि माझ्या मते नवशिक्याला कोणी न सांगितलेला पण सगळ्यात उपयोगाचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो, बाण १७०. दोरी सुटल्याचा आवाज हरणाच्या कानी बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडते, म्हणजेच त्याचे धड खाली पडू लागते. पंधरा यार्डांवर आवाज पोचल्यानंतर बाण पोचायला ०.२२ सेकंद लागतात. हरणाला प्रतिक्रियेसाठी ०.१ सेकंद लागतो असे मानले, तर पडायला उरतो ०.१२ सेकंद, आणि त्यात धड सुमारे ८ सेंटिमीटर खाली येते. आता अंतर पंचवीस यार्ड करा. पडायला ०.२७ सेकंद मिळतो आणि धड खाली येते सुमारे ३७ सेंटिमीटर! अंतर दीडपटीहून थोडेसे जास्त वाढले, चूक साडेचार पटींनी वाढली, कारण पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हृदय-फुप्फुसांचा भाग उभ्यात २०-२५ सेंटिमीटरच असतो. आठ सेंटिमीटरची चूक त्यात मावते; सदतीसची पाठीवरून निघून जाते किंवा नको तिथे लागते. प्रत्येक हरीण दचकते असे नाही. पण कोणते दचकेल हे आधी कळत नाही. म्हणून नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर धरायचा: हरीण हलले नाही तर हृदय, खाली बसले तर फुप्फुस.

साधनांचे प्रश्न यानंतर सोपे होतात. वेग सेकंदाला दहा-वीस फुटांनी वाढवला तरी पंचवीस यार्डांवरची चूक मोठीच राहते. त्यापेक्षा बाण जड ठेवावा, ओढीच्या दर पौंडाला नऊ-दहा ग्रेन. जड बाण धनुष्यातली जास्त ऊर्जा सोबत नेतो, त्यामुळे धनुष्य कमी थरथरते, आवाज कमी होतो आणि बाण खोल जातो. ओढीबाबत मात्र नवशिके हमखास फसतात. साठ पौंडांचे धनुष्य दुकानात उभ्याने तीनदा ओढता येते, यात काहीच सिद्ध होत नाही. नोव्हेंबरच्या थंडीत, तीन तास न हलता बसल्यावर, जाड कोट घालून, तिरके वळून ते ओढायचे असते. शिकायला तीसच्या आसपासचे धनुष्य घ्यावे, शिकारीला पंचेचाळीस पुरते. राज्याची किमान मर्यादा तेवढी पाहून घ्यावी, ती अनेक ठिकाणी पस्तीस-चाळीस असते. धनुष्यावरचा आकडा अठ्ठावीस इंच ओढीसाठी असतो. तुमचा हात आखूड असेल आणि ओढ सव्वीसच इंच भरत असेल, तर पंचेचाळीसचे धनुष्य प्रत्यक्षात चाळीसच्या आसपासच देते.

बाणाचा ताठरपणा, ज्याला स्पाईन म्हणतात, धनुष्याशी जुळला पाहिजे. बाण सुटताना वाकून मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. जास्त ताठ किंवा जास्त लवचीक असेल तर तो तिरका उडतो आणि तिरका लागलेला बाण खोल जात नाही. पिसे नसलेला बाण पिसांच्या बाणांच्या जवळ लागतो का, हे पाहिले की जुळणी कळते. पाते दोन धारांचे, स्थिर, लागताक्षणी कापणारे असावे. आपटल्यावर उघडणाऱ्या पात्यांना उघडायलाच ऊर्जा लागते, आणि आपल्याकडे आधीच ती त्रेचाळीस ज्यूल. धारेची परीक्षा हातावरच्या केसांवर करावी. केस तासले गेले नाहीत तर ते पाते भात्यात ठेवू नये, मग ते नवे-कोरे पाकिटातून काढलेले का असेना.

सरावाबद्दल एकच सांगतो. सलग पन्नास बाण मारून शेवटच्या दहांवर खूश होण्यात अर्थ नाही, कारण रानात पहिलाच बाण मोजला जातो. सकाळी घराबाहेर पडावे, अंग गरम न करता, शिकारीचे कपडे घालून एकच बाण मारावा आणि तो नऊ इंची कागदी थाळीत लागला का हे वहीत लिहावे. ज्या अंतरावर तो दहातून नऊ वेळा लागतो, ते तुमचे अंतर. बहुतेकांचे ते त्यांना वाटते त्याहून पाच-सात यार्डांनी कमी निघते.

हरणाला पंधरा यार्डांत आणणे हाच मग खरा अभ्यास उरतो, आणि तो आहे वाऱ्याचा. हरणाच्या नाकाला फसवणारा साबण किंवा फवारा अजून निघालेला नाही, जाहिराती काहीही म्हणोत. सकाळी ऊन तापू लागले की हवा उताराने वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली दरीत उतरते. त्यामुळे सकाळची जागा हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळची खालच्या अंगाला. वारा फिरला तर उठून घरी यावे. डोळ्यांचे प्रकरण सोपे आहे. हरणाला लाल-नारिंगी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, म्हणून सुरक्षेचे नारिंगी जाकीट चालते, पण निळा रंग त्याला ठळक दिसतो. चट्ट्यापट्ट्यांच्या महागड्या कोटाखाली जीन्स घालून बसलेला शिकारी स्वतःच फलक लावून बसल्यासारखा असतो. मचाण बांधलेच तर बारा-पंधरा फुटांवर थांबावे. उंची वाढली की कोन तीव्र होतो आणि बाण एकाच फुप्फुसातून जाण्याचा धोका वाढतो. आणि जमिनीवरून पाय उचलण्यापूर्वी हार्नेस बांधावा. या छंदात जायबंदी होणारे शिकारी बऱ्याच वेळा मचाणावरूनच पडलेले असतात.

हरीण आले. आता घाई होते ती इथे. पूर्ण ओढीवर पारंपरिक शिकारी दोन-तीन सेकंदच स्थिर राहू शकतो, म्हणून ओढायला सुरुवात करायची वेळ हरीण ठरवते. त्याचे डोके झाडामागे गेले, किंवा त्याने मान पलीकडे वळवली, की ओढावे. ते बघत असेल तर डोळ्यांत डोळे न घालता तसेच बसावे, हात भरून आले तरी. बाजू पूर्ण आपल्याकडे असावी, किंवा किंचित पलीकडे तिरकी. या तिरक्या स्थितीत नेम अलीकडच्या नाही, पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेवर धरायचा. समोरून येणारे, आपल्या दिशेने तिरके असलेले, चालणारे, मान ताठ करून कान रोखलेले हरीण सोडून द्यावे. संपूर्ण धड पाहू नये. कोपरामागची एक सुरकुती, केसांचा एक पुंजका निवडून तिथेच नजर रोवावी, आणि बाण लागेपर्यंत धनुष्याचा हात खाली येऊ देऊ नये.

बाण सुटल्यावर लगेच जागेवरून हलू नये. हरीण शेवटचे कुठे दिसले ते झाड लक्षात ठेवावे, पाचोळ्याचा आवाज कुठे थांबला ते ऐकावे. अर्ध्या तासाने बाणापाशी जावे आणि तो नीट पाहावा. पिसांवर फेसाळ, गुलाबी-लाल रक्त असेल तर फुप्फुस. माग घ्यायला हरकत नाही. रक्त गडद, काळपट असेल तर यकृत. निदान चार तास थांबावे. बाणाला हिरवट चिकटा आणि जठराचा वास असेल तर तो पोटातून गेला आहे, आणि अशा हरणाला आठ ते बारा तास शांत पडू द्यावे लागते. लगेच पाठलाग केला तर ते उठून मैलभर जाते आणि रक्ताचा माग पुसट होत संपतो. रात्र उबदार असेल तर मांस खराब होते, कोल्ह्यासारखे कायोटी आधी पोचतात, हे खरे. तरीही थांबण्याच्याच बाजूने मी कौल देईन. उठवलेले हरीण बहुधा सापडत नाही, पडून राहिलेले बहुधा सापडते. अनेक राज्यांत पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढायची मुभा आहे, आणि असे कुत्रे पाळणारे लोक रात्री-अपरात्रीही येतात. आपल्या भागातल्या अशा माणसाचा फोन नंबर हंगाम सुरू होण्याआधी मिळवून ठेवावा, आणि माग हरवला तर तिथली पाने तुडवण्याआधी त्याला बोलवावे.