सभासदाच्या कर्जाचे माप : महाराष्ट्रातील ग्रामीण सहकारी पतपुरवठ्याच्या इतिहासातील एक प्रश्न

सहकारी चळवळीच्या इतिहासात संस्थांची व सभासदांची संख्या आवर्जून नोंदविली गेली आहे. एका सभासदास किती कर्ज द्यावे हे कशाच्या आधारे ठरत गेले, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने दुर्लक्ष झाले. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

१८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. ऋणकोस संरक्षण मिळाले. परंतु वसुलीची शाश्वती कमी होताच सावकार हात आखडता घेऊ लागले, किंवा गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण संस्थांसाठी रायफायझन पद्धतीची अमर्यादित जबाबदारी स्वीकारली. शेजाऱ्याचे कर्ज बुडाल्यास आपली जमीन जाईल, या भीतीने सुस्थितीतील शेतकरी दूर राहिले. साहजिकच ठेवी अल्प राहिल्या आणि कर्जही. १९११ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँकेमुळे बाहेरचे भांडवल मिळू लागले, तरी सभासदाची पत त्याच्या जमिनीवरूनच मोजली जात होती.

या पद्धतीतील उणीव गोरवाला समितीच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने (१९५१-५२) उघड केली. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता. व्यावसायिक व शेतकरी सावकारांचा मिळून सुमारे ७० टक्के. धनंजयराव गाडगीळ सदस्य असलेल्या या समितीने तारणाऐवजी येणारे पीक हा कर्जाचा पाया मानावा आणि पतपुरवठ्याची विक्रीव्यवस्थेशी सांगड घालावी, अशी शिफारस केली. कसेल त्याला, मग तो कूळ असो, कर्ज मिळावे हा त्यामागील हेतू होता. पीककर्जाचे हेक्टरी दर व कमाल मर्यादा पत्रक ही याच विचाराची प्रशासकीय रूपे होत.

प्रत्यक्षात ही सांगड उसाच्या पट्ट्यात उत्तम जमली. कारखाना उसाच्या बिलातूनच कर्ज कापून घेत असल्याने सोसायटीची वसुली सुरक्षित राहिली, आणि उसाचा हेक्टरी दरही मुळात मोठा. कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या भागात असा हमखास खरेदीदार नव्हता. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली खरी. पण पावसाची लहर कोणत्याही योजनेच्या आवाक्याबाहेरचीच. त्यामुळे पीक हा निकष समान असूनही कर्जाचे माप प्रदेशानुसार बदलले. भूमिहीन व तोंडी कराराने कसणारे तर या मापात आलेच नाहीत, कारण पीक मोजण्यासाठी अखेर सातबाराच पाहिला जातो.

आणखी एक कारण सभासदाच्या हाती नसते. सोसायटी स्वतःच्या ठेवींपेक्षा जिल्हा बँकेच्या कर्जावर अवलंबून असते. गावात थकबाकी वाढली की नियमित फेड करणाऱ्याचीही मर्यादा आक्रसते. २०१२ नंतर नागपूर, वर्धा व बुलढाणा या जिल्हा बँका बँकिंग परवान्याअभावी अडचणीत आल्या, तेव्हा कर्ज थकविलेले आणि चुकते केलेले, दोन्ही प्रकारचे सभासद एकाच रांगेत उभे राहिले.