तळटीप : देवयानीचे अंतर

३. लेखकाने देवयानी दीर्घिकेचे अंतर नऊ लाख प्रकाशवर्षे दिले आहे. हा आकडा हबलच्या मूळ हिशेबातला. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. ऑक्टोबर १९२३मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर घेतलेल्या काचपट्टीवर हबलने एका ठिपक्याशी आधी नवतारा म्हणून 'एन' लिहिले, मग ते खोडून 'व्हार' असे लिहून पुढे ठसठशीत उद्गारचिन्ह दिले. ठिपका सेफीड जातीचा रूपविकारी तारा निघाला, त्याच्यावरून अंतर काढता आले आणि देवयानी कायमची आकाशगंगेबाहेर गेली. सेफीड ताऱ्यांचेही दोन प्रकार असतात, हे वॉल्टर बाडने दाखवल्यावर १९५२मध्ये हे अंतर एकदम दुप्पट झाले. आपली आकाशगंगा साऱ्या दीर्घिकांत थोरली, हे पुढचे विधानही मग टिकत नाही (जुन्या अंतरांमुळे बाकीच्या उगाच लहान भासत). देवयानीत एक लाख कोटींच्या आसपास तारे असावेत, आपल्याकडे दहा ते चाळीस हजार कोटी. एकूण वस्तुमानात मात्र दोघी जवळपास तुल्यबळ, आणि नवे तारे घडवण्याचा वेग आपल्याच आकाशगंगेचा जास्त. — संपा.