अन्ननलिकेवरचे किरण आणि शेजारची फुप्फुसे

श्रोतेहो, आपण गिळलेला घास पोटात नेणारी अन्ननलिका छातीतून खाली उतरते. तिच्या पुढे हृदय, मागे कणा आणि दोन्ही अंगांना फुप्फुसे. तेव्हा तिच्या कर्करोगावर किरण सोडायचे, म्हणजे शेजारच्या गंजीला झळ न लागू देता बांधावरचे गवत जाळण्यासारखेच म्हणा ना!

राँटगेन यांना 1895 साली जर्मनीत क्ष-किरण सापडले आणि थोड्याच वर्षांत डॉक्टर ते कर्करोगावर वापरू लागले. पण 1922 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदवले, की छातीवर किरण घेतलेल्या काही रुग्णांच्या फुप्फुसांना इजा होते. 1951 साली कॅनडात कोबाल्टच्या यंत्राने उपचार सुरू झाले. किरण अधिक खोल पोचू लागले. पण फुप्फुसे वाटेत होतीच.

1971 साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सी. टी. स्कॅन झाला. या यंत्रामुळे पुढे छातीच्या आतले आडवे काप दिसू लागले. गाठ कोठे आणि फुप्फुसाचा किती भाग किरणांखाली येतो, हे उपचाराआधीच मोजता येऊ लागले. किरणांचे माप म्हणजे ग्रे. फुप्फुसाचा जितका जास्त भाग 20 ग्रेच्या वर भाजेल, तितका धोका अधिक, असे 1999 सालच्या एका अभ्यासात दिसले. मग किरण निरनिराळ्या दिशांनी, बेताबेताने सोडून गाठीवर एकत्र आणण्याची रीत रुळली. मात्र दिशा फार वाढवल्या, तर थोडे थोडे किरण पुष्कळ फुप्फुसात पसरतात. म्हणून तोल सांभाळावा लागतो.

मग किरणच वाढवले तर? औषधांच्या जोडीने 50.4 ऐवजी 64.8 ग्रे देऊन पाहिले, पण रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. हा निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाला. जास्त म्हणजे चांगले, हा समज तिथे खोटा ठरला.

आता कामाची गोष्ट. उपचार संपल्यावर साधारण एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला, तर ‘हवा बदलली’ म्हणून घरी बसू नका. क्षय समजून परस्पर औषधही घेऊ नका. किरणोपचाराचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. फुप्फुसाची सूज असेल, तर त्यावर औषध आहे. ते मात्र मनाने एकदम बंद करू नये. आणि विडी-सिगारेट? ती उपचाराच्या आधीच सोडलेली बरी. गुरुजनहो, एवढे गावात जरूर सांगा.