माथेरानची वाट

माथेरानला आपल्यापैकी पुष्कळ भगिनी जाऊन आल्या असतील. कोणी नेरळहून छोट्या गाडीने, तर कोणी दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारीने आणि पुढे पायी. सुमारे ८०० मीटर उंचीचा हा डोंगर. सह्याद्रीत याहून उंच शिखरे कितीतरी आहेत. पण येथे चालताना झाडीची सावली सहसा सुटत नाही, आणि कड्यावरच्या टोकांशी आले की कोठे प्रबळगड, कोठे पेबचा किल्ला, तर कोठे खाली पसरलेले उल्हास नदीचे खोरे नजरेत भरते.

या ठिकाणाच्या इतिहासात एक वाक्य हमखास वाचावयास मिळते : ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये माथेरान ‘शोधून काढले’. मॅलेटसाहेब चौक गावाकडून वर चढले आणि रामबागेच्या अंगाने उतरले, हे खरेच आहे. त्यांच्यामुळे हे थंड हवेचे ठिकाण झाले, हेही मान्य. पण ‘शोधले’ हा शब्द काही केल्या पटत नाही. धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा वावर या रानात पूर्वीपासून होता. गुरांमागे, लाकूडफाट्यासाठी, मधासाठी जी पावले रोज चढली-उतरली, त्यांची नोंद कोणी ठेवायची?

नावच पाहा ना! माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी सरळ मराठी फोड सांगतात. कोणी ‘मातेचे रान’ असाही अर्थ लावतात. काही असो, हे नाव साहेबाने ठेवलेले नव्हे. त्यांची नावे टोकांना मिळाली : लुईझा, अलेक्झांडर. तळेदेखील शार्लटचे झाले! काठावरचा पिसारनाथ तेवढा आपल्या नावानिशी बसला आहे.

१८५६ पर्यंत आगगाडी नेरळवरून पुढे गेली आणि मुंबईकरांना डोंगराचा पायथा जवळ आला. वर जाणे मात्र पायी, घोड्यावरून किंवा दुसऱ्याच्या खांद्यावरून पालखीत. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. चढ सोसावा म्हणून ती इतकी वळणे घेते की तिचा मार्ग सुमारे २० किलोमीटर भरतो.

गाडी आली तरी माणसाच्या अंगावरचे ओझे काही उतरले नाही. माथेरानात खाजगी मोटारींना बंदी असल्याने झाडी आणि शांतता राखली गेली, ही गोष्ट चांगलीच झाली. मात्र सामान वाहिले ते हमालांनी आणि घोड्यांनी, आणि पाहुण्यांना नेले ते हातरिक्षांनी. चढावर एकाने पुढून ओढायचे आणि बाकीच्यांनी मागून रेटायचे! अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. मॅलेटसाहेब डोंगर चढून गेल्याला तेव्हा १७५ वर्षे झाली होती.