शिफारस, परीक्षा आणि प्रांताचा वाटा

रायपुरातील राजकुमार कॉलेजचा जन्म रायपूरचा नव्हे. १८८२ मध्ये जबलपूर येथे सुरू झालेली ही शाळा १८९४ मध्ये रायपुरास आली आणि छत्तीसगडच्या संस्थानिकांचे व जमीनदारांचे मुलगे तिच्यात शिकू लागले. बस्तर, कांकेर, खैरागड, राजनांदगाव, रायगड, सरगुजा अशी चौदा मांडलिक संस्थाने या मुलुखात होती. अशा शाळेच्या दाराशी मुलाला काय येते, यापेक्षा तो कोणाचा, हाच प्रश्न आधी विचारला जावा, यात नवल नाही. तो काळ मागे पडला. परंतु ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न आपल्या देशातून एकाएकी नाहीसा झाला नाही. त्याने वेळोवेळी रूप पालटले. सैनिकी विद्यालयांच्या प्रवेशाचा इतिहास म्हणजे एका अर्थी या प्रश्नाच्या रूपांतराचाच इतिहास होय. प्रथम कुळ, मग शिफारस, मग परीक्षा, आणि या सर्वांच्या जोडीला प्रांताचा वाटा, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. बदलीच्या नोकरीमुळे स्वतःच्या प्रांताबाहेर संसार मांडलेल्या आपल्यासारख्यांना त्यांतील शेवटची पायरी अद्याप रोजच्या व्यवहाराची आहे. म्हणून हे टिपण.

अधिकारपदाच्या बाबतीत इंग्रजांचाही इतिहास फार उजळ नव्हता. त्यांच्या स्वतःच्या लष्करात घोडदळाच्या व पायदळाच्या सनदा पैसे मोजून विकत मिळत, आणि ही चाल बंद झाली ती १८७१ मध्ये. हिंदुस्थानात तर प्रश्न निराळाच होता. हिंदी मनुष्याने शिपाई व्हावे, सुभेदार व्हावे, परंतु गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीची सनद मागू नये, असा दंडक होता. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत निघालेल्या इम्पीरियल कॅडेट कोअरने या दंडकाला लहानसे भगदाड पाडले. परंतु तिच्यात शिरण्याची वाट संस्थानिकांच्या व सरदारांच्या वाड्यांतूनच जात होती, आणि तेथून मिळणारी सनद गोऱ्या सैनिकांवर हुकमत चालवू देत नव्हती.

पहिल्या महायुद्धाने सरकारास थोडे उदार केले. १९१८ मध्ये इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षास दहा जागा देण्यात आल्या. या दहा जागांचा मार्ग शिफारशीचा होता. उमेदवाराचा अर्ज जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे जावयाचा, आपल्या मध्यप्रांतात तो डेप्युटी कमिशनर. तेथून वरिष्ठांकडे, मग प्रांतिक सरकारकडे, मग सिमल्यास परीक्षा व मुलाखत, आणि अखेरीस व्हाइसरॉयची पसंती. सरकारी कचेरीत फाईल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मार्गाचे मर्म वेगळे सांगावयास नको. विद्येची परीक्षा शेवटी होती; पण तिथवर पोहोचण्यास पहिल्या मेजावरील साहेबाचा चांगला शेरा हवा होता. तो शेरा घराण्याच्या राजनिष्ठेवर आणि मागील पिढ्यांनी केलेल्या सेवेवर अवलंबून असे.

या पद्धतीतून चांगली माणसे निघाली नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोल्हापूरकडील शंकरराव थोरात हे सँडहर्स्टहून १९२६ मध्ये सनद घेऊन बाहेर पडले. पुढे कोरियातील भारतीय दलाचे नेतृत्व त्यांनी केले आणि पूर्व विभागाचे ते सेनापती झाले. प्रश्न आत आलेल्यांच्या योग्यतेचा नाही. बाहेर राहिलेल्यांचा आहे. ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ असा भेद सरकारने शास्त्र म्हणून स्वीकारला होता. त्या शास्त्राच्या आधारे महारांची पलटणीतील भरती गेल्या शतकाच्या आधीच, १८९० नंतरच्या वर्षांत, बंद करण्यात आली होती. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदूक उचलली त्यांना शिपायाच्या रांगेतूनच बाहेर काढल्यावर घराण्याच्या लष्करी सेवेचा चालू दाखला त्यांनी आणावा कोठून? शिफारशीचा हाच खरा दोष. ती मागील अन्यायालाच पुढील अपात्रतेचे कारण करून टाकते.

याच काळात डेहराडूनचे विद्यालय निघाले. १३ मार्च १९२२ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले आणि त्याचेच नाव विद्यालयास मिळाले. सँडहर्स्टला जाणारी हिंदी मुले लहान वयातच तयार करावीत, हा त्याचा हेतू. आज ते राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज या नावाने ओळखले जाते. तरीही सँडहर्स्टच्या जागांना योग्य उमेदवार मिळत नाहीत, अशी तक्रार सरकार करीत राहिले. ही संख्या व योग्यता कशी वाढेल, याचा विचार करण्यासाठी १९२५ मध्ये जनरल स्कीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मोतीलाल नेहरू काही काळ तिचे सभासद होते; महंमद अली जिना अखेरपर्यंत होते. समितीने सँडहर्स्टच्या जागा दहांवरून वीस कराव्यात, दरवर्षी त्यांत भर घालावी आणि १९३३ मध्ये हिंदुस्थानातच लष्करी महाविद्यालय काढावे, अशी सूचना केली. सरकारने ती संपूर्ण स्वीकारली नाही; पण मागणी आता मागे फिरणारी नव्हती.

ही मागणी लावून धरणाऱ्यांत एक नाव आपल्या या मुलुखातले आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा जन्म १८७२ मध्ये बिलासपूर येथे झाला. त्यांचे सार्वजनिक आयुष्य नागपुरात गेले, तरी छत्तीसगडच्या मातीशी त्यांचे नाते जन्माचे. पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी संरक्षणाच्या प्रश्नावर आग्रहाने भूमिका मांडली. १९३१ मध्ये सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी लष्करी महाविद्यालयाची समिती बसली, तिचे ते सभासद होते. ग्वाल्हेरचे जनरल गणपतराव राजवाडे हेही त्याच समितीत होते, आणि मद्रासच्या सर शिवस्वामी अय्यर यांच्यासह त्यांनी आपले भिन्न मत नोंदविले. डॉ. मुंजे यांच्या राजकारणाविषयी, विशेषतः त्याच वर्षी इटलीत जाऊन त्यांनी मुसोलिनीच्या युवक-संघटनांची जी वाखाणणी केली तिच्याविषयी, तीव्र मतभेद आहेत आणि ते सकारण आहेत. परंतु लष्करी शिक्षण काही ठरावीक घराण्यांपुरते राहू नये, हा विचार मराठी मध्यमवर्गात रुजविण्यात त्यांचा वाटा होता. १९३७ मध्ये नाशिकला त्यांनी काढलेली भोसला सैनिकी शाळा ही त्याचीच खूण होय.

१ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनला भारतीय लष्करी अकादमी सुरू झाली. तिच्या पहिल्या चाळीस जागांची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंधरा जागा खुल्या स्पर्धा-परीक्षेने, पंधरा लष्करातील शिपायांमधून, आणि दहा संस्थानी फौजांसाठी. जुन्या आणि नव्या विचारांचा हा तह होता. संस्थानांना त्यांचा वाटा मिळाला, पलटणींना त्यांचा मिळाला. पण पंधरा खुर्च्या अशा होत्या, की जेथे गुणांना आवाज होता. या पंधरांत सहाव्या क्रमांकाने निवडलेला एक मुलगा अमृतसरच्या पारशी डॉक्टरांचा होता. त्याचे नाव सॅम माणेकशा. पुढे १९७३ च्या जानेवारीत त्यांच्याकडून सेनाप्रमुखपदाची सूत्रे घेतली ती जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर यांनी. बेवूर जन्मले मध्यप्रांतातील सिवनी येथे, सनदी अधिकाऱ्याच्या घरी, आणि शिकले डेहराडूनच्या त्याच लष्करी विद्यालयात. बदलीच्या गावी जन्मलेला मुलगा कोठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण आपल्या वाचकांस जवळचे वाटेल.

स्वातंत्र्यानंतर या तहाची गरज उरली नाही. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनला तिन्ही दलांच्या छात्रांचे एकत्र शिक्षण सुरू झाले आणि १९५५ च्या जानेवारीत ही प्रबोधिनी पुण्याजवळ खडकवासल्यास आली. जागा तत्कालीन मुंबई राज्याने दिली. ८,००० एकरांहून अधिक. महायुद्धातील भारतीय सैनिकांच्या कामगिरीच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या देणगीपैकी भारताच्या वाट्यास आलेले ७०,००० पौंड मुख्य इमारतीस लागले. असे असूनही खडकवासल्यात महाराष्ट्रासाठी एकही जागा राखीव नाही. संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा ९०० गुणांची, निवड मंडळाची मुलाखत ९०० गुणांची, मग वैद्यकीय तपासणी, आणि साऱ्या देशाची एकच गुणवत्ता यादी. जमीन देणाऱ्या राज्याने बदल्यात वाटा मिळवला नाही, ही गोष्ट महाराष्ट्राच्या अभिमानाची मानली पाहिजे. २०२२ पासून मुलींनाही या परीक्षेतून तेथे प्रवेश मिळू लागला.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला गेला. तेथे १८४३ च्या कायद्याने वेस्ट पॉइंटच्या जागा लोकप्रतिनिधींच्या मतदारसंघांवर वाटून दिल्या आणि उमेदवार त्या मतदारसंघाचा रहिवासी असावा, असे ठरले. आजही तेथील प्रत्येक प्रतिनिधीच्या नावे एका वेळी पाच छात्र अकादमीत असू शकतात. लष्कर साऱ्या देशाचे दिसावे, हा त्यामागील हेतू चांगला आहे. परंतु आपल्याकडे खासदाराच्या चिठ्ठीवर खडकवासल्याचे दार उघडू लागले असते, तर काय झाले असते, याची कल्पना कोणत्याही कारकुनास सहज करता येईल.

मग आपल्याकडे प्रांताचा वाटा संपला काय? नाही. तो एक पायरी खाली, शाळेत उतरला. डेहराडूनच्या विद्यालयात दर सहामाहीस मुलांच्या सुमारे पंचवीस जागा असतात आणि त्या लोकसंख्येच्या मानाने राज्यांना नेमून दिलेल्या असतात; एखाद्या राज्याच्या वाट्यास सहसा एखाददुसरी जागा येते. परीक्षाही राज्य शासनामार्फत होते. सैनिक शाळांत हे अधिक ठळक दिसते. १९६१ मध्ये साताऱ्यास पहिली सैनिक शाळा निघाली, १९६२ मध्ये रीव्यास निघाली. छत्तीसगड राज्य २००० मध्ये झाले आणि त्याला स्वतःची सैनिक शाळा मिळाली ती २००८ मध्ये, अंबिकापुरास. या शाळांची जमीन, इमारती व शिष्यवृत्त्या यांचा भार राज्य शासने उचलीत आली. म्हणून ६७ टक्के जागा त्या राज्याच्या मुलांसाठी आणि ३३ टक्के बाहेरच्यांसाठी, अशी वाटणी आहे.

शाळेत वाटा आणि प्रबोधिनीत नाही, हा भेद घटनेच्या शब्दांशीही जुळतो. सरकारी नोकरीविषयीच्या सोळाव्या कलमात जन्मस्थान आणि रहिवास या दोन्ही कारणांनी भेद करण्यास मनाई आहे. पंधराव्या कलमात जन्मस्थान आहे, रहिवास नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात राज्याबाहेरील विद्यार्थ्यांकडून जादा फी घेतली जाई. तिच्याविरुद्धचा दावा १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने बहुमताने हाच फरक दाखवून ती फी वैध ठरविली. शिक्षणाच्या दारावर राज्याला आपल्या रहिवाशाची बाजू घेता येते, ती या निर्णयाच्या बळावर.

मला ही व्यवस्था मूलतः न्याय्य वाटते. सरगुजाच्या आदिवासी पाड्यातील अकरा वर्षांच्या मुलाची आणि मोठ्या शहरातील शिकवणीला जाणाऱ्या मुलाची एकाच यादीत शर्यत लावणे म्हणजे परीक्षेच्या नावाने पुन्हा ‘तू कोणाचा?’ हेच विचारणे होय. लहान वयात प्रांताने हात द्यावा आणि अठराव्या वर्षी त्या हाताशिवाय साऱ्या देशात उभे राहावे, हा क्रम शहाणपणाचा आहे. शिफारशीचा वाटा माणूस पाहून दिला जात होता. प्रांताचा वाटा नियम पाहून दिला जातो. दोहोंतील अंतर मोठे आहे.

परंतु या नियमास एक कोपरा आहे आणि नेमके त्याच कोपऱ्यात आपण राहतो. अर्जात अधिवासाचे राज्य एकच लिहावयाचे असते. रायपुरात वाढलेला, येथील शाळेत शिकलेला मराठी कर्मचाऱ्याचा मुलगा कागदोपत्री महाराष्ट्राचा राहिला, तर साताऱ्यास तो घरचा आणि अंबिकापुरास बाहेरचा. पण सातारा त्याने सुटीतदेखील पाहिलेला नसेल. महाराष्ट्राचा अधिवास दाखला मागावा, तर तेथे पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्याचा पुरावा विचारतात. बाप ओडिशा, तेलंगण, छत्तीसगड असा फिरलेला असेल, तर दोन राज्यांचा असलेला मुलगा एकाही राज्याचा ठरत नाही, अशी वेळ येते. केंद्राने ज्याला स्वतःच्या कामासाठी गावोगाव पाठविले, त्याच्या मुलाला केंद्राच्याच संरक्षण खात्याच्या शाळेत गाव विचारले जावे, हे विसंगत आहे. यावर उपाय अवघड नाही. अशा मुलांना, ज्या राज्यात सलग तीन वर्षे शाळा झाली, त्या राज्याचे मानावे, एवढा एकच नियम सर्व राज्यांना सारखा लावला, तर पुष्कळ भागेल. तोवर मूल आठ-नऊ वर्षांचे होताच अधिवासाचे कागद एका ठिकाणी नीट लावून ठेवणे, हेच शहाणपणाचे.

कुळाकडून शिफारशीकडे आणि शिफारशीकडून परीक्षेकडे येण्यास या देशाला अर्धे शतक लागले. ज्यांनी तो मार्ग मोकळा केला त्यांतील एकाचा जन्म येथून जवळच, बिलासपुरास झाला होता. त्या मार्गावरचा हा लहानसा उंबरठा काढून टाकण्यास इतका काळ लागू नये.