गोळ्याचें वळण आणि खेळाडूचा हात

बोलिंग म्हटलें कीं आमच्या वाचकांस क्रिकेट आठवावें हें साहजिक आहे. परंतु अमेरिकेंत त्या नांवानें रुजलेला खेळ अगदीं निराळा. साठ फुटांवर मांडलेल्या दहा खुंटांवर फार तर सोळा पौंड वजनाचा गोळा घरंगळत सोडावयाचा, एवढाच त्याचा बाह्य देखावा. त्या गोळ्याच्या कायेचा इतिहास मात्र आम्हांस खेळाहून अधिक मनोरंजक वाटला.

प्रथम हा गोळा लिग्नम व्हायटी नांवाच्या अतिकठीण लांकडाचा असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं रबर आलें व १९६० च्या सुमारास पॉलिएस्टर. १९७३ सालीं डॉन मॅक्यून या धंदेवाईक खेळाडूनें पॉलिएस्टरचा गोळा एका रासायनिक द्रवांत भिजवून मऊ केला आणि त्या एकाच वर्षांत सहा स्पर्धा जिंकल्या. मऊ गोळा फळ्यांस अधिक धरतो व म्हणून अधिक वळतो, हें त्यानें हेरलें होतें. त्या वेळीं यास कोणताहि नियम आड येत नव्हता. लौकरच गोळ्याच्या काठिण्याची किमान मर्यादा ठरविण्यांत आली.

१९८१ सालीं युरेथेनचा गोळा बाजारांत आला. तो नियमांत बसत असे, आणि तरीहि फळ्यांस धरीत असे! पुढें दहाएक वर्षांनीं त्याच युरेथेनमध्यें निराळीं द्रव्यें मिसळून 'रिॲक्टिव्ह रेझिन' सिद्ध झालें.

आतां या दोहोंतील भेद पाहूं. धांवपट्टीच्या अलीकडील बऱ्याच भागावर तेल चोपडलेलें असतें. शेवटचा भाग कोरडा. रिॲक्टिव्ह गोळा तेलावरून घसरत जातो, आपला जोर राखून ठेवतो आणि कोरड्या फळ्या लागतांच एकदम आंत वळतो. सुमारे सहा अंशांच्या कोनानें खुंटांत शिरणारा गोळा सर्व खुंट पाडण्यास अधिक अनुकूल असल्यामुळें, या तीव्र वळणाचें मोल मोठें. युरेथेनचा गोळा आधींच पकड घेऊं लागतो व संथ, एकसारख्या कमानीनें जातो. त्याचा आघात सौम्य. पण तो कोठें जाणार हें सोडणाऱ्यास आधीं सांगतां येतें. हातांत विलक्षण फिरकी असलेला येस्पर स्वेन्सन युरेथेनकडे वळला, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. ज्याच्यापाशीं जोर विपुल, त्यास उणीव संयमाचीच असते.

आणखी एक गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. रिॲक्टिव्ह गोळा आपल्या सूक्ष्म छिद्रांतून तेल शोषून घेतो. युरेथेन तें फारसें शोषीत नाहीं, पुढें ढकलीत नेतो. म्हणजे एकाच्या गोळ्यानें दुसऱ्याची वाट बदलते. प्रतिस्पर्ध्यांची कुरकुर येथूनच सुरू होते, आणि ती अगदींच अनाठायीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

एके काळीं नवखा म्हणून ज्याकडे संशयानें पाहिलें गेलें तो युरेथेन, रिॲक्टिव्हच्या अमलांत जवळजवळ अडगळींत पडला होता. तो परत आला तो संयमाचें साधन म्हणून. आणि आला तसा पुन्हां चौकशींत सांपडला. २०२२ सालीं अमेरिकेंतील नियामक संस्थेनें, २०१६ व २०१७ सालीं घडविलेल्या 'पर्पल हॅमर' नांवाच्या युरेथेन गोळ्यांवर निर्बंध घातले. कारण तेंच, मॅक्यूनच्या वेळचें: गोळा वाजवीपेक्षां मऊ भरला.